मोंढ्यातल्या दोन रांगा: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या ज्येष्ठतायादीचं प्रकरण

विलीनीकरण हा शब्द मराठवाड्यात वेगळ्याच कानांनी ऐकला जातो. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एस.टी.चे कामगार संपावर गेले, तेव्हा प्रत्येक डेपोच्या फाटकावर मागणी एकच होती: महामंडळ राज्य सरकारात विलीन करा. तीन सदस्यांच्या समितीने ते शक्य नाही असा अहवाल दिला, उच्च न्यायालयाने कामावर परतायची मुदत दिली आणि एप्रिल २०२२ मध्ये गाड्या सुरळीत झाल्या. त्याच संपाच्या काळात, २७ जानेवारी २०२२ ला, एअर इंडिया टाटांच्या ताब्यात गेली. तिथल्या जुन्या माणसांना मात्र विलीनीकरण म्हटलं की पोटात गोळा येत होता, कारण ते २००७ सालीच त्यातून गेले होते.

छत्रपती संभाजीनगरात आम्ही काही जण महिन्यातून एकदा बसतो. निवृत्त एस.टी. कंडक्टर, ग्रामीण बँकेतले दोघं-तिघं, वाळूजच्या कारखान्यातले काही आणि अलीकडे विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणारा, कंत्राटावरचा एक पोरगा. त्या बैठकीसाठी मी हे प्रकरण मांडलं होतं. इथे ते थोडं सैल करून लिहितो आहे.

सुरुवात विमानापासून केली असती तर कुणी ऐकलं नसतं, म्हणून मोंढ्यापासून केली.

सोयाबीनचा हंगाम. बाजार समितीत दोन काटे, दोन्हींसमोर ट्रॅक्टरची रांग. पहिला काटा भराभर चालतो, तिथली रांग पटापट सरकते. दुसरा काटा मोठा, मालही मोठा, पण रांग मुंगीच्या पावलाने. दुपारी एक काटा बंद पडतो आणि सचिव सांगतो, दोन्ही रांगा एक करा. आता कुणाच्या मागे कोण? एक म्हणतो, जो आधी आला तो पुढे, फाटकावरच्या चिठ्ठीवरची वेळ बघा. दुसरा म्हणतो, वेळ कशाला, काट्यापासून मी तिसरा होतो, मला तिसराच ठेवा. तिसरा समजूतदारपणाचा आव आणून म्हणतो, एक इकडचा, एक तिकडचा घ्या. नीट ऐकलं तर कळतं की प्रत्येकाला तोच नियम न्यायाचा वाटतो ज्यात त्याचा ट्रॅक्टर पुढे सरकतो. आणि कुणी खोटं बोलत नसतो. तिन्ही नियमांत काहीतरी खरं असतं.

सेवाज्येष्ठतेचं भांडण हे एवढंच आहे. फक्त इथे रांग एका दुपारची नसते, तीस वर्षांची असते.

आता मूळ प्रकरण. १९५३ च्या कायद्याने देशातल्या खासगी विमान कंपन्या सरकारजमा झाल्या आणि दोन महामंडळं उभी राहिली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया, देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स. इंडियन एअरलाइन्स मुळात आठ कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झाली. त्यातली डेक्कन एअरवेज आपली, म्हणजे हैदराबादच्या बेगमपेठेतली, निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली. म्हणजे रांगा जुळवण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हता. पुढची पन्नास वर्षं दोन्ही संस्था सख्ख्या भावांसारख्या राहिल्या: एकाच बापाच्या, पण चुली वेगळ्या.

मराठवाड्याच्या माणसाला विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्स. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जाणारं ते पर्यटकांचं विमान चिकलठाण्याला उतरायचं. त्याच्या उड्डाणक्रमांकातली 'आयसी' ही अक्षरं इथे एका वाईट दिवसामुळेही लक्षात आहेत. २६ एप्रिल १९९३ ला आयसी ४९१ उड्डाण घेताना धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. एअर इंडियाची जंबो विमानं आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिली.

मोंढ्याच्या भाषेत सांगायचं तर इंडियन एअरलाइन्स हा भराभर चालणारा काटा होता. विमानं लहान, एअरबस ३२० च्या घराण्यातली, फेऱ्या जास्त, त्यामुळे सहवैमानिकाला कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, व्हायला तुलनेने कमी वर्षं लागायची. एअर इंडिया हा मोठा काटा. बोइंग ७४७, ७७७ अशी प्रचंड विमानं, लांबचे पल्ले, भत्ते मोठे, पण कमांडरची खुर्ची उशिरा. एकाच साली नोकरीला लागलेल्या दोन वैमानिकांपैकी एकाच्या खांद्यावर कमांडरच्या चार पट्ट्या कधीच आलेल्या असायच्या आणि दुसरा अजून तीन पट्ट्यांवर असायचा. दोघंही आपापल्या रांगेत सुखी होते. उशिरा का होईना, आपल्याला महाकाय विमान मिळणार हे दुसऱ्याला ठाऊक होतं.

मार्च २००७ मध्ये मंत्रिमंडळाने विलीनीकरणाला मंजुरी दिली. प्रफुल्ल पटेल तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री. नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे नॅसिल, नावाची नवी कंपनी झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. तीस हजारांच्या वर माणसं, डझनभर युनियन, दोन पगाररचना, दोन बढतीपद्धती. विमानांचा रंग बदलला, पाट्या बदलल्या. नॅसिलचं नाव २०१० मध्ये पुन्हा एअर इंडिया झालं, २०११ च्या फेब्रुवारीत 'आयसी' ही अक्षरं गेली आणि सगळी उड्डाणं 'एआय' झाली.

ज्येष्ठतायाद्या मात्र दोनच राहिल्या.

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक कुठली, असं मला विचारलं तर मी यादीत कोण वर आणि कोण खाली यावर बोट ठेवणार नाही. मी तारखांवर बोट ठेवीन. कंपनी एक झाली २००७ मध्ये. यादी कशी एक करायची हे सांगायला निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली २०११ मध्ये आणि तिचा अहवाल आला जानेवारी २०१२ मध्ये. (मराठी वाचकांना ओळखीचे असलेले गांधीवादी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ते हे नव्हेत.) म्हणजे काटा बंद करून जवळजवळ चार वर्षं ट्रॅक्टर मोंढ्याच्या आवारात उभे केले आणि मग रांगेचा नियम ठरवायला माणूस शोधला. तोवर कोण कुठे घुसलं, कुणी कुणाला कट मारला, याचे हिशेब प्रत्येकाने आपापल्या डायरीत लिहून ठेवले होते.

या मधल्या काळात तीन वर्षांत तीन वेळा एकच गोष्ट घडली. मे २०१० मध्ये, मंगळूरच्या विमान अपघातानंतर काहीच दिवसांनी, कर्मचाऱ्यांनी माध्यमांशी बोलू नये असा आदेश निघाला. त्यावरून जमिनीवरचे कर्मचारी आणि अभियंते अचानक संपावर गेले आणि व्यवस्थापनाने दोन युनियनची मान्यता काढून घेतली. त्यातली एअर कॉर्पोरेशन्स एम्प्लॉइज युनियन ही जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या बाजूची मोठी संघटना. एप्रिल २०११ मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, म्हणजे जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची संघटना, समान वेतनासाठी संपावर गेली. दहा दिवस देशांतर्गत उड्डाणं मोठ्या प्रमाणात रद्द झाली. तिचीही मान्यता काढली, पदाधिकारी बडतर्फ केले आणि समझोता होताना दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. धर्माधिकारी समिती ही त्याच समझोत्यामागोमाग आलेली. मग मे २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्ड, म्हणजे मूळ एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना. सुरुवात सामूहिक आजारपणाच्या रजेने झाली आणि संप ५८ दिवस चालला. गिल्डचीही मान्यता काढली, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयात तडजोड झाल्यावर संप मिटला.

२०११ मध्ये ज्या संघटनेने उड्डाणं थांबवली, तिच्याच सभासदांनी २०१२ मध्ये ती चालू ठेवली. गिल्डच्या संपाचा फटका आंतरराष्ट्रीय उड्डाणांना बसला, देशांतर्गत सेवा बऱ्यापैकी चालली. भाऊबंदकीत शेजाऱ्याचा बांध फुटला म्हणून कुणी धावून जात नाही, तसंच.

गिल्डचा संप ज्यावरून झाला ते ड्रीमलायनर हे बोइंगचं मोठं विमान तेव्हा भारतात आलेलंही नव्हतं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. विलीनीकरणाआधी एअर इंडियाने बोइंगला ६८ विमानांची ऑर्डर दिली होती आणि त्यात २७ ड्रीमलायनर होती. इंडियन एअरलाइन्सने स्वतंत्रपणे ४३ एअरबस मागवली होती. ड्रीमलायनर २००८ च्या सुमारास यायची होती, बोइंगच्या अडचणींमुळे पहिलं आलं सप्टेंबर २०१२ मध्ये. दरम्यान कंपनीने ठरवलं की त्याच्या प्रशिक्षणाला दोन्ही बाजूंचे वैमानिक पाठवायचे. गिल्डचं म्हणणं असं होतं: हे विमान आमच्या कंपनीने आमच्यासाठी मागवलं. त्याच्या भरवशावर आमची पोरं वर्षानुवर्षं सहवैमानिक म्हणून थांबली. तुमच्याकडे लवकर कमांड मिळाली, ती तुम्ही उपभोगली. आता मोठं विमानही तुम्हाला? असोसिएशनचं उत्तर तितकंच सरळ होतं: कंपनी एक झाली ना? मग विमान तुमचं-आमचं कसं? आणि कमांडर म्हणून आम्ही जी वर्षं काढली ती काय फुकट गेली?

बैठकीत इथवर आल्यावर मी विचारलं, कोण बरोबर? वाळूजच्या मंडळींनी हात वर करून मत दिलं आणि जवळजवळ निम्मी-निम्मी वाटणी झाली. विमानात कधी न बसलेल्या माणसांचीसुद्धा.

निवृत्त कंडक्टर मामा परभणीकडचे. ते म्हणाले, "आमचे वडील निजामाच्या आर.टी.डी.त होते. त्यांच्या सर्व्हिस बुकात रुजू व्हायची तारीख उर्दूत, अन् सन फसली. तेराशे बावन्न. बॉम्बे स्टेटात आलोत तव्हा आधी ती इसवीत करून घ्यावी लागली, मग रांगेत उभं राहायचं."

आर.टी.डी. म्हणजे निजामाचं रस्ते वाहतूक खातं आणि फसली हा त्याच्या राज्यातला सरकारी सन; १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. मामांनी सहज सांगितलं, पण मला या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग तिथेच सापडला. हे भांडण मराठवाड्याने विमानवाल्यांच्या पन्नास वर्षं आधी भांडलेलं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. जिल्ह्यांबरोबर तलाठी, तहसीलदार, शिक्षक, विक्रीकर निरीक्षकही आले. हैदराबादचा तहसीलदार आणि मुंबईचा मामलेदार एकाच तोलाचे का? कुणाची नोकरी कुठून मोजायची? राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये एक संरक्षण होतं: या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत. पदांची बरोबरी ठरवायला चार निकषही ठरले: कामाचं स्वरूप, अधिकार आणि जबाबदारी, भरतीसाठी लागणारं किमान शिक्षण आणि शेवटी पगार. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ते मान्य केले. पगाराचं स्थान शेवटचं होतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण निजामाच्या राज्यातला पगार आणि मुंबईतला पगार यांची तुलना करून माणसाची किंमत ठरवता येत नाही.

एवढं असूनही हैदराबादेतून आलेल्या तहसीलदारांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. त्यांच्या डेप्युटी कलेक्टर होण्याच्या वाटा नव्या नियमांनी अरुंद झाल्या होत्या. १९७३ च्या त्या निकालात न्यायालयाने त्यांना एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. विभागवार याद्या करून बढती देण्याची पद्धत समान संधीच्या तत्त्वात बसत नाही म्हणून रद्द केली. त्याच निकालात हेही सांगितलं की बढतीची निव्वळ शक्यता ही सेवाशर्त नव्हे, आणि ती कमी झाली म्हणून सेवाशर्त बिघडली असं होत नाही.

हे दुसरं वाक्य पुढे देशभरच्या खटल्यांत उद्धृत होत राहिलं. ते आधीच्या एका निकालातलं असलं तरी आमच्या तहसीलदारांच्या अर्जावर ते पक्कं झालं, याचा अभिमान बाळगावा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गिल्डच्या वैमानिकांचं दुःख नेमकं तेच होतं. पगार कापला नव्हता, नोकरी गेली नव्हती, पुढे मिळणारं काहीतरी दूर गेलं होतं. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफ मध्ये उद्योग हस्तांतरित होताना कामगाराची सेवा अखंड राहावी आणि शर्ती कमी अनुकूल नसाव्यात असं होतं, नाहीतर भरपाई. पण रांगेतली जागा हा त्या कलमाचा विषय नव्हता. कायद्याच्या भाषेत जी गोष्ट 'हक्क' नाही आणि माणसाच्या आयुष्यात जी सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्यासाठी भांडायला मग संप उरतो. दोन्ही संप बेकायदा ठरवले गेले, लोकांचे हाल झाले, हे खरंच. पण ज्यांच्यापुढे दुसरं दार उघडं ठेवलेलं नव्हतं ते खिडकीतून आले, याचं मला तरी नवल वाटत नाही.

ज्येष्ठतेचा नियम कुठला असावा यावर आम्ही तास घालवला. पण खरा प्रश्न आहे, नियम ठरवताना खोलीत कोण होतं. बाजार समितीच्या सचिवाने पहिल्या रांगेतल्या दोघांनाच चहाला बोलावलं तर नियम कुठला निघणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपल्याकडे १९२६ च्या कायद्याने युनियनची नोंदणी होत असे, मान्यता मिळत नसे. मान्यता द्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर राहत आलं. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतःचा कायदा करून ही उणीव भरली: सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद दाखवा, औद्योगिक न्यायालय मान्यता देईल. पण हा कायदा राज्य सरकार ज्या उद्योगांसाठी 'समुचित शासन', म्हणजे कामगार कायदे राबवणारं सरकार, आहे त्यांच्यापुरता. हवाई वाहतूक केंद्राकडे. म्हणजे वाळूजच्या कारखान्यातल्या युनियनची मान्यता कायद्याने उभी राहिलेली, आणि जालना रोडवर चिकलठाणा एमआयडीसीला खेटून असलेल्या विमानतळावर उतरणाऱ्या कंपनीच्या युनियनची मान्यता एका पत्राने दिलेली. जे पत्राने दिलं ते पत्राने काढून घेता येतं. २०१०, २०११, २०१२ मध्ये तेच झालं. ज्या क्षणी वाटाघाटीची गरज सर्वात जास्त, नेमक्या त्याच क्षणी समोरची खुर्ची रिकामी केली गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि हे चित्र बदललं. आता हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. तेवढा कुणालाच नसेल तर परिषद, आणि तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक जागा. कागदावर ही मालकाच्या मर्जीपेक्षा सुधारणाच आहे. पण विलीनीकरणाचा हिशेब घालून बघा. मानूया, सात हजारांची कंपनी आणि तीन हजारांची कंपनी एक झाली. लहान कंपनीत कालपर्यंत शंभर टक्के सभासद असलेली युनियन होती, तरी नव्या दहा हजारांत ती ३० टक्के. मोठ्या कंपनीतल्या युनियनने ५,१०० सह्या जमवल्या की ती एकमेव. तीन हजारांची रांग कुठे जोडायची हे आता सात हजारांचे प्रतिनिधी मालकाशी बोलून ठरवणार. कायद्याचा कुठेही भंग नाही. आणि सामूहिक किरकोळ रजेवर निम्मी माणसं गेली तर तोही संपच धरायचा, त्याला १४ दिवसांची नोटीस हवी, हेही त्याच संहितेत. २०१२ ची आजारपणाची वाट आता तितकी मोकळी नाही.

अमेरिकेत हे सगळं आधी घडून गेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स घेतली, तेव्हा तिथल्या हवाई सेविकांना ज्येष्ठतायादीच्या शेपटीला जोडण्यात आलं. वीस-पंचवीस वर्षं सेवा झालेल्या बाया कालच्या पोरींच्या खाली गेल्या आणि मंदी आली तशा सगळ्यात आधी घरी गेल्या. ही जोडणी मालकाने केली नव्हती, ती मोठ्या कंपनीतल्या युनियनने करून घेतली होती. त्यावरून गदारोळ झाला आणि डिसेंबर २००७ मध्ये, आपल्याकडे नॅसिल होऊन चार महिने झाले असताना, तिथे मॅककॅस्किल-बाँड कायदा आला: याद्या न्याय्य रीतीने जुळवा, जमलं नाही तर लवादाकडे जा. मात्र दोन्हीकडे एकच युनियन असेल तर तिचेच अंतर्गत नियम चालतात. आणि लवादाने दिलेला निकाल पचतोच असं नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या, वैमानिकांच्या यादीवर लवादाचा निकाल २००७ मध्ये आला. मोठ्या बाजूच्या वैमानिकांना तो इतका झोंबला की त्यांनी ती जुनी युनियनच मतदानाने बाजूला सारून २००८ मध्ये नवी आणली. पुढे कंपनी आणखी एका विलीनीकरणात गेली तरी जुनं भांडण संपलेलं नव्हतं. तेव्हा कायदा आला की सगळं मिटतं, असं सांगणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

टाटांनंतरचा भाग थोडक्यात, कारण तो अजून चालू आहे. २०२३ मध्ये नवे करार आले. काही वर्षं कमांड केलेल्या वैमानिकांना वरिष्ठ कमांडर म्हणून व्यवस्थापनाच्या श्रेणीत घ्यायचं त्यात होतं. बढती कुणाला नको असते? पण व्यवस्थापनात गेलेला माणूस 'कामगार' राहत नाही, म्हणजे युनियनचा सभासद म्हणून त्याचं वजन संपतं. युनियनची मान्यता न काढता तिच्या पायाखालची वाळू सरकवण्याचा हा प्रकार. आणि तेव्हा गिल्ड आणि असोसिएशन, २०१२ चे ते दोन भाऊ, एकत्र पत्र लिहू लागले. पाच-सहा वर्षं भांडून जे साधलं नाही ते तिसरा मालक आल्यावर साधलं. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी मोठ्या संख्येने आजारपण कळवलं, २५ जणांना काढलं आणि कामगार आयुक्तांसमोरच्या बैठकीत परत घेतलं. त्या वेळी ती कंपनी पूर्वीच्या एअरएशिया इंडियाशी जोडली जात होती. ऑक्टोबरमध्ये ते पूर्ण झालं आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात मिळाली. चार रांगा, दोन काटे.

बैठकीच्या शेवटी ग्रामीण बँकेतल्या एकाने विचारलं की यातून आपण काय घ्यायचं. १ मे २०२५ ला महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या, मुख्यालय आमच्याच शहरात, तेव्हा प्रश्न नुसता अभ्यासापुरता नव्हता. मी म्हणालो, यादीवर भांडण्याआधी तीन गोष्टी मागा: दोन्ही बाजूंच्या याद्या रुजू तारीख आणि पदाची तारीख यांसह भिंतीवर लागू देत, हरकतींना मुदत मिळू दे, आणि नियम ठरवणाऱ्या खोलीत लहान बाजूचा माणूस टक्केवारी न बघता बसू दे. शेवटचं कुठल्याच कायद्यात नाही, ते मोठ्या बाजूच्या युनियनने मनाने द्यावं लागतं. मामा म्हणाले, "मनानं कोण देतंय?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

विमानतळावरचा पोरगा तोवर गप्प होता. टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा जमिनीवरच्या सेवेची कंपनी आणि अभियांत्रिकीची कंपनी सरकारकडेच राहिली. तो त्यांतल्या कुणाकडेच नाही, एका कंत्राटदाराकडे आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्याच खटल्यात सांगितलं होतं की ठेका पद्धत बंद केली तर त्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावं. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने ते फिरवलं. मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, माझे तीन करार झालेत, दर वेळी मधी दोन-चार दिवसांचा खंड. माझी तारीख कोणची धरायची, पहिल्या कराराची का शेवटच्या?"

मामांनी त्याला सांगितलं की तिन्ही करार आणि बँकेच्या पासबुकात पगार जमा झालेली पानं झेरॉक्स करून आण, पी.एफ.चा नंबर तिन्ही वेळी तोच आहे का तेही बघ. पुढची बैठक दुसऱ्या रविवारी आहे. त्याला त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाची ड्यूटी आहे, म्हणून वेळ सकाळी दहाची ठेवली आहे.